जाळ कमी, धूर फुल

तिखटाच्या बाबतीत आमच्या घरात एकमत कधी झालेलंच नाही. नवरा कराडचा, त्याला जाळ आणि धूर संगटच लागतो. लेक इथल्या शाळेत जाते, मैत्रिणींबरोबर आंब्याच्या फोडींवर लिंबू-तिखट भुरभुरून मिटक्या मारत खाते पण घरी ताटात लाल रस्सा दिसला की आधी पाण्याचा ग्लास जवळ ओढते. आणि गेल्या वर्षी सासूबाई राहायला आल्या, त्या शाकाहारी, त्यात अ‍ॅसिडिटीमुळे तिखट जवळपास बंद. आम्ही राहतो मेक्सिकोत, पुएब्ला शहरात (नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात आहे, चाकणकडची अजून दोन-चार कुटुंबं आहेत इथे), आणि मला तोवर नाद लागला होता चिपोतलेचा. तर या सगळ्यांना एकाच पातेल्यातलं कसं खाऊ घालायचं यावर मी बरेच महिने डोकं लावलं, त्यातून जे हाताला लागलं ते लिहितेय.

ज्यांना चिपोतले म्हणजे फक्त अमेरिकेतलं ते बरिटोवालं हॉटेल माहितीये त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हालापेन्यो मिरची झाडावरच पिकून लालभडक होऊ द्यायची, मग लाकडाच्या धुरावर दिवसचे दिवस ठेवून पार सुरकुतेपर्यंत वाळवायची, ती झाली चिपोतले. उन्हात का नाही वाळवत, तर हालापेन्योचा गर जाड असतो. ब्याडगी कशी पातळ सालीची, गच्चीत जुन्या साडीवर पसरली की चार उन्हात कडकडीत होते, तसं हिचं होत नाही, आतून ओली राहते आणि कुजते. म्हणून धूर. ही पद्धत स्पॅनिश लोक इथे यायच्या आधीपासूनची आहे. साधारण दहा किलो ताज्या मिरचीची एक किलो चिपोतले होते त्यामुळे साध्या वाळक्या मिरचीपेक्षा महाग पडते. आणि वाळताना जातं ते पाणी, तिखटपणा कुठे जात नाही, तो त्या सुरकुतलेल्या बोटभर मिरचीत तसाच बसून राहतो.

आता आपली सवय काय, भाजी तिखट नको असेल तर एक चमच्याऐवजी अर्धा चमचा लाल तिखट. सोपा हिशोब. चिपोतलेला हा हिशोब लावला की गंमत अशी होते की तिखट कमी होतं पण त्याबरोबर धूरही जातो, आणि मग उरतो तो नुसता टोमॅटोचा रस्सा, मग ती महागाची मिरची आणलीच कशाला. म्हणजे माझा खरा प्रश्न तिखट कमी कसं करायचं हा नव्हताच, जाळ आणि धूर वेगळे कसे करायचे हा होता. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं पण वेगळे करायचेच कशाला?" त्याच्याकडून मदत मिळणार नव्हती हे उघड होतं.

मदत मिळाली खालच्या मजल्यावरच्या सेन्योरांकडून (सेन्योरा म्हणजे बाई). सत्तरीच्या असतील, जन्म पुएब्लातलाच, आणि त्यांच्यासोबत बाजारात जायचं म्हणजे एक शिकवणीच. वाळक्या मिरच्यांच्या गाळ्यावर पोत्यांची तोंडं उघडी, प्रत्येकात वेगळी मिरची, आणि वास असा की नाकात आधी गोड जातो आणि मग शिंक येते. तिथे मला कळलं की धुरावरची मिरची म्हणजे एकच नाही. एक मोरिता, लहान, काळपट जांभळी-लाल, चकचकीत, हातात घेतली तर मनुक्यासारखी मऊ. ही कमी वेळ धुरावर असते, वासाला थोडी फळासारखी, आंबूस-गोड. दुसरी मेको, मोठी, मातकट राखाडी, वरून धूळ बसल्यासारखी, चामड्यासारखी कडक, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की विडीचं थोटूक उचलून पोत्यात टाकलंय. पण ही जास्त वेळ धूर खाते, म्हणून वास तिचाच खोल. अमेरिकेत दुकानात चिपोतले म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा मोरिताच, मेको बरीचशी मेक्सिकोतच खपते. तिसरी एक आहे ओआहाका राज्याच्या डोंगरातली, पासिया मिहे, ती तर वेगळंच प्रकरण, किंमत ऐकून मी परत पोत्यात ठेवली.

गाळ्यावरच्या बाईंना विचारलं ही तिखट आहे का, तर म्हणाल्या "नो पिका", म्हणजे तिखट नाही. मेक्सिकोत नवीन असाल तर या "नो पिका"वर अजिबात जाऊ नका. हे लोक लहानपणापासून मिरची खातात, त्यांचं नो पिका म्हणजे डोळ्यांत पाणी आलं नाही एवढंच. शिवाय एकाच पोत्यातल्या दोन मिरच्या सारख्या नसतात, पाण्याचा ताण पडलेल्या झाडाची मिरची जास्त तिखट निघते, शेजारच्या झाडाची कमी. हालापेन्यो पुस्तकात २५०० ते ८००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक) सांगतात, म्हणजे एकाच जातीत तिपटीचा फरक! तेव्हा पाककृतीत "२ चिपोतले" असं लिहिलेलं असतं त्याला फारसा अर्थ नाही, आपल्या हातातली चाखून बघणं आलंच. चाखायची पण देठाकडून. टोकाकडचा तुकडा जिभेवर ठेवून "अरे काहीच नाही" म्हणाल आणि फसाल.

देठाकडून का, तर सगळं भांडण तिथेच आहे. सेन्योरांनी मला त्यांच्या ओट्यावर मोरिता भिजवून एक उघडून दाखवली. आधी कोमालवर, म्हणजे त्यांच्या मातीच्या तव्यावर, मंद आचेवर अगदी काही सेकंद एका बाजूने, काही सेकंद दुसऱ्या बाजूने, मिरची किंचित फुगते आणि वास सुटतो की काढायची. काळी पडू द्यायची नाही, धुरावरची मिरची आधीच एवढी धूर खाल्लेली असते की जरा जास्त झाली तर कडू. मग गरम पाण्यात वीसेक मिनिटं, वर ताटली दाबून कारण ती तरंगते. मऊ झाल्यावर त्यांनी देठ मोडला, अंगठ्याच्या नखाने एका बाजूने चीर दिली आणि मिरची पुस्तकासारखी उघडली. आत बिया, आणि देठापासून खाली आलेल्या दोन-तीन शिरा, वाळून पिवळट झालेल्या, थोड्या चिकट. त्यांनी चमचा घेतला आणि देठाकडून टोकाकडे एकदाच ओढला, शिरा आणि बिया एका झटक्यात बाहेर. मग तीच मिरची बोटभर पाण्यात हलवून घेतली. उरलं ते नुसतं गडद लाल साल-गर, आणि ते नाकाशी नेलं तर धूर जसाच्या तसा.

आपल्याकडे सर्रास समज असा की तिखट बियांत असतं. तसं नाही, ते तयार होतं त्या पांढऱ्या शिरांत, आणि बिया त्यांना चिकटून असतात म्हणून त्यांना लागतं. कॅप्सेसिन हे त्या तिखटाचं नाव. आणि धूर बसतो बाहेरून, सालीवर आणि गरात. म्हणजे निसर्गानेच जाळ आणि धूर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेत आणि आपण मिक्सरला लावून एकत्र करतो. हे एकदा कळलं आणि माझा हिशोब उलटा झाला, मिरच्या कमी करायच्या नाहीत, उलट वाढवायच्या पण शिरा काढून. जिथे अख्ख्या २ टाकत होते तिथे शिरा काढलेल्या ४, धूर दुप्पट आणि तिखट तरी आधीपेक्षा कमी.

आता तिंगा. हा पुएब्लाचाच पदार्थ, उकडून तंतू काढलेलं चिकन, भरपूर उभा चिरलेला कांदा, टोमॅटो आणि चिपोतले, हे सगळं कोरडसर परतायचं आणि कुरकुरीत तोस्तादावर, म्हणजे मक्याच्या कडक पोळीवर, घालून वर क्रेमा, म्हणजे इथली पातळ आंबूस साय. शाकाहारी मंडळींसाठी किसलेल्या गाजराचा तिंगा इथे घरोघरी करतात, आणि खरं सांगते, धुरावरच्या मिरचीमुळे गाजराला जी चव येते ती चिकनवाल्यापेक्षा मला जास्त आवडते. सासूबाईंना पहिल्यांदा वाढला तेव्हा त्यांनी वास घेऊनच विचारलं, "अगं, यात मटण-बिटण नाही ना?" नाही आई, निव्वळ गाजर आहे. "मग चुलीवर केलंयस का?" त्यांच्या लहानपणी वांगी चुलीत भाजायचे, त्या वासावर गेल्या होत्या त्या. दोन तोस्तादा खाल्ल्या आणि रात्री पोटाची काही तक्रार नाही.

माझी पद्धत आता अशी बसलीये. अर्धा किलो गाजर (किंवा चिकन), ४-५ पिकलेले टोमॅटो, २ मोठे कांदे, शिरा काढलेल्या ४ मोरिता. टोमॅटो तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायचे, लसणाच्या दोन पाकळ्या सालीसकट भाजायच्या, मग हे आणि मिरच्या एकत्र मिक्सरला. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं की वापरायचं यावर इथे घराघरांत वाद आहेत. मी आधी चाखते, कडू लागलं तर ओतून देते, नाहीतर घालते कारण धूर त्यातही थोडा उतरलेला असतो. आणि रंगासाठी, दाटपणासाठी एक-दोन वाहियो मिरच्या, ही साधी उन्हात वाळवलेली, लांबट, तिखटाला बेताची. हे मला कुणी शिकवायची गरजच पडली नाही, आपण घरचा मसाला करताना रंगाला ब्याडगी आणि जाळाला लवंगी किंवा संकेश्वरी घेतोच की, एका मिरचीकडून सगळी कामं करून घ्यायची नाहीत हे आपल्याला आधीपासून माहितीये. इथे फक्त धुराला तिसरी.

कांदा तेलात चांगला गुलाबी, मग वाटण, मग झाकण न ठेवता आटवायचं, कच्चा वास गेला की गाजर. इथे एक बारीक गोष्ट. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात मस्त विरघळतं. त्यामुळे आपल्या सवयीने मिरचीचं वाटण तेलात खमंग परतलं की तिखट तेलात उतरतं, ते तेल प्रत्येक तंतूला लागतं आणि घासागणिक सगळ्या तोंडाला. तेच वाटण टोमॅटोच्या रसातच शिजवलं, वर तेलाचा तवंग नसला, तर तिखट जरा सौम्य लागतं. सासूबाई इथे होत्या तोवर मी तेल निम्म्यावर आणलं होतं, त्या घरी परतल्यावर पुन्हा होतं तिथे.

पुएब्ला समुद्रसपाटीपासून साधारण २१०० मीटरवर आहे, खिडकीतून पोपोकातेपेत्लचा धूर दिसतो (हा दुसरा धूर, याच्यावर मिरच्या वाळवत नाहीत), आणि एवढ्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं त्यामुळे चिकन, राजमा, छोले सगळ्यालाच जास्त वेळ. भारतातून आणलेला कुकर हे माझं इथलं सर्वात मोठं शहाणपण.

सासूबाईंसाठी तिंग्यापेक्षाही जास्त चाललं ते काल्दो त्लालपेन्यो. मूळचं ते चिकनच्या पाण्यातलं सूप, छोले आणि वरून अव्होकाडो, मी भाज्यांच्या पाण्यात करते. यात चिपोतले मी वाटून घालत नाही, एक अख्खी, न चिरता, न टोचता, नुसती उकळत्या सुपात सोडायची आणि पंधरा मिनिटांनी उचलून बाजूला. साल शाबूत असली की आतल्या शिरा आतच राहतात आणि बाहेरचा धूर पाण्यात उतरतो. फक्त डाव मारताना ती फुटू द्यायची नाही. उचललेली मिरची टाकायची नाही हां, ती नवऱ्याच्या वाटीत, तो ती सुपात कुस्करून खातो आणि घाम पुसत "आत्ता कसं" म्हणतो. एकच पातेलं, दोन टोकं.

एक प्रकार मात्र सेन्योरांनी केला तेव्हा माझा विश्वासच बसेना, चिपोतले आख्खी भरून! मेको घेतात त्यासाठी. पिलोनसियो, म्हणजे इथला गूळ, शंकूच्या आकाराच्या ढेपा असतात, तो पाण्यात घालून त्यात मिरच्या उकळायच्या, ते पाणी फेकायचं, परत नवीन पाणी परत थोडा गूळ, असं मिरची मऊ आणि जिभेला सोसेल अशी होईपर्यंत. मग हळूच शिरा काढून आत चीज भरायचं, फेटलेल्या अंड्यात बुडवून तळायचं. मेको का, तर एवढ्या पाण्यांत मोरिताचा धूर धुऊन निघेल, मेकोने इतका खाल्लेला असतो की तरी उरतो. गोड, खारट, धुरकट आणि मागून येणारं तिखट. मुलीने एक अख्खी खाल्ली, मी तिच्याकडे बघतच राहिले. गुळाने कॅप्सेसिन नाहीसं होत नाही, पण गोड असलं की जिभेला तिखट कमी जाणवतं, आमटीत आपण गुळाचा खडा टाकतोच की.

डब्यातली चिपोतले आदोबो भारतात किंवा अमेरिकेत असाल तर तीच सोयीची, टोमॅटो-व्हिनेगरच्या दाट रसात बुडवलेली. तिच्याबाबत माझं एक ठाम मत आहे, लहान मुलांसाठी करताना मिरची नकोच, नुसता चमचाभर तो रस घ्या. धूर आहे, आंबटपणा आहे, तिखट बेताचं. दह्यात किंवा मेयोनीजमध्ये कालवून उकडलेल्या बटाट्यांवर घातलात तर बाकी काही करायला नको. मिरची घ्यायचीच असेल तर तीही उघडून शिरा खरवडता येतात, डब्यातली आहे म्हणून अख्खीच टाकली पाहिजे असं काही नाही.

इतकं करूनही कधी पातेलं तिखट झालंच तर? बटाटा टाका, शोषून घेतो, हे मी भारतातही ऐकलंय आणि इथेही. बटाट्यात तिखट ओढून घ्यायची काही जादू नाही, तो फक्त आकारमान वाढवतो, आणि ते काम टोमॅटो किंवा उकडलेला राजमाही करतो. खरा उपयोग सायीचा, दह्याचा, अव्होकाडोचा. दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, म्हणून तोंड भाजल्यावर पाण्याने काही होत नाही आणि दुधाच्या घोटाने होतं. म्हणजे तोस्तादावर ती क्रेमा सजावटीला नसते. तोंड "भाजलं" असं आपण म्हणतो तेही काही खोटं नाही, जिभेवरचा जो रिसेप्टर चटका ओळखतो, साधारण ४३ अंशांच्या वर जागा होणारा, तोच कॅप्सेसिनने जागा होतो. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हा १९९७ मध्ये शोधून काढला, तेही मिरचीतल्या कॅप्सेसिनच्याच मदतीने, आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. नवऱ्याला हे सांगितल्यापासून तो जेवताना स्वतःला संशोधक समजतो.

हातांचं तेवढं सांभाळा. शिरा काढताना मी डिस्पोजेबल ग्लोव्हज घालते, नसले तर बोटांना आधी तेल चोळते, आणि नंतर हात धुताना परत तेल आणि मग भांड्याचा साबण, नुसत्या पाण्याने काहीही निघत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ग्लोव्हजशिवाय हात लावूच नका. आणि मिक्सरचं झाकण गरम वाटणावर लगेच उघडून आत डोकावायचं नाही, घरभर ठसका.

नवऱ्याची सोय म्हणून साल्सा माचा वेगळी करून ठेवते, ही व्हेराक्रुझकडची. तेल बेताचं गरम, त्यात लसूण, मग शेंगदाणे, तीळ, गॅस बंद करून शिरांसकट मोरिता, थोडं मीठ, थोडं व्हिनेगर आणि भरड वाटायचं. सगळं तिखट तेलात, जाळ आणि धूर संगटच. भाकरीबरोबर तर काय लागते! ज्वारीचं पीठ इथे सहज मिळत नाही म्हणून मक्याच्या तोर्तियावर भागवतो तो, पण कुरकुर करत. बाटली फ्रीजमध्ये, चमचा कोरडा, एवढी अट. बाकीच्यांच्या ताटात कमी तिखट, ज्याला जास्त पाहिजे त्याने वरून घ्यावं.

उरलेल्या, शिरा काढलेल्या मिरच्या थोड्या पाण्यात वाटून मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, एक क्यूब म्हणजे साधारण एक मिरची. ट्रे वेगळा ठेवा, नाहीतर कुणीतरी सरबतात टाकेल.